रोट सरण्याआधीचा बुधवार

तो सिनेमा गुरुवारी उतरणार होता. शुक्रवारी धुळ्यातल्या सगळ्याच टॉकीजांत नवे खेळ लागायचे आणि एकदा उतरलेला सिनेमा परत गावात यायला वर्ष-दीड वर्ष सहज जायचं. एवढ्या एका कारणासाठी मी पौर्णिमेपर्यंतचे पाच दिवस थांबायला तयार नव्हते. थांबले असते तर पुढचं काहीच झालं नसतं, हे आज कळतं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि थांबणं हा प्रकार मला जमतच नसे.

मी धुळ्यात एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. त्याआधीची दोन वर्षं जळगावात काढली होती. दोन्ही गावांत मिळून पाच खोल्या बदलल्या. खोलीवर बसलं की भिंती अंगावर यायच्या. कचेरी सुटली, यंत्रावर कव्हर घातलं की मी बाहेर. जळगावात असताना रविवारी नुसती फिरायची म्हणून पॅसेंजरने भुसावळला जायचे, फलाटावर भजी खायचे आणि आलेल्या गाडीने परत यायचे. थंडीच्या दिवसांत काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत किलोवर विकत मिळायचं, ते आणि पुऱ्या घेऊन मैत्रिणींबरोबर कुणाच्या तरी मळ्यात. धुळ्याला बदली झाली तेव्हा वाटलं, आता संपली मजा. पण धुळंही काही कमी नव्हतं. आग्रा रोडवर उभं राहून हात वर केला की रिक्षा थांबायची, या गोष्टीची मला अक्षरशः चटक लागली होती. कामाची असो नसो, मी हात वर करायचे.

एकच गोष्ट सलायची. हे सगळं मी एकटी खात-पीत होते आणि हे सगळं माझ्यापेक्षा जिला आवडलं असतं ती अक्का शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यात चुलीपुढे बसली होती.

अक्का माझी मोठी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात चक्कर येईस्तोवर बसायची, उतरली की ओकायची आणि परत रांगेत उभी राहायची. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. शेतीचं भरलं घर: सासू, सासरे, दाजी, दोन धाकटे दीर, पुढे तिच्या दोन मुली. तेरा वर्षांत ती धुळ्याला दोनदा आली, दोन्ही वेळा बाळंतपणाला, इस्पितळात. मला मात्र दर महिन्याला तिचं पत्र यायचं आणि त्यात एक ओळ ठरलेली असायची: काय काय खाल्लं ते नीट लिही, नुसतं बरं आहे म्हणून सोडू नको. मी लिहायचे. शेवभाजीची तर्री कशी होती, कुल्फी काडीवरची की मडक्यातली, रिक्षातून जाताना वारा कुठून लागतो, सगळं. लिहिताना तिच्या सासूचा राग राग यायचा.

दोन वर्षं मी त्या बाईच्या हात धुऊन मागे लागले होते. अक्काला महिन्यातून एक दिवस माझ्याकडे पाठवा, एवढंच मागणं. शेवटी त्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर ती म्हणाली, एक दिवस घेऊन जा, पाहू कसं होतं ते. नीट झालं तर मग दर महिन्याला. अट एक, जशी नेशील तशी दिवे लागायच्या आत आणून सोडायची. त्या एका दिवसावर पुढचे सगळे दिवस टांगलेले होते, हे मला आणि अक्काला दोघींनाही चांगलं ठाऊक होतं.

सासूचं म्हणणं होतं, पौर्णिमा होऊन जाऊ दे, मग जा. कारण त्यांच्याकडे कानबाई बसून गेली होती आणि रोट चालू होते. आमच्या खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही देवी बसते आणि सोमवारी तिला नदीवर पोचवतात. पण खरं व्रत त्यानंतरचं. घरातल्या गड्यांच्या नावाने गहू मापून घ्यायचे, कुणाकडे मुठीने, कुणाकडे शेराने, ते दळायचे आणि त्या पिठाच्या पोळ्या, म्हणजे रोट, फक्त घरच्यांनीच खायचे. परक्याला घास द्यायचा नाही. सगळं पीठ पौर्णिमेच्या आत सरलं पाहिजे, आणि सरेपर्यंत घरातल्या कुणी दुसरं अन्न तोंडात घालायचं नाही. चहा-दूध तेवढं चालतं. गहू मापताना बायकांचं माप धरत नाहीत, पण पीठ संपवायला बायका लागतात. हे मी एकदा अक्काच्या सासूला ऐकवलंही होतं. ती म्हणाली होती, "तुनी जीभ लई चालस वं माय."

पण मला गुरुवारच्या आतच जायचं होतं. मी बुधवारची रजा टाकून मंगळवारी कचेरी सुटल्यावर थेट एसटीने अक्काच्या गावी गेले, तिथेच राहिले आणि सासूला घोळात घेतलं. अक्का सकाळी रोट खाऊन निघेल, दिवसभर नुसता चहा घेईल आणि संध्याकाळी येऊन तुमच्या पंगतीला बसेल. पिठाचा डबा सासूने माझ्यासमोर उघडून पाहिला. चार बोटं पीठ होतं. "सांजले सरी जाई," ती म्हणाली. मग अक्काकडे वळून, "तू उनी का मंगच बठ्ठा जन बसूत." अक्काने डब्याचं झाकण लावलं आणि आत पळाली. लुगडं कोणतं नेसू म्हणून तिने तीनदा ट्रंक उघडली.

सकाळी आठच्या गाडीला आम्ही फाट्यावर उभ्या राहिलो. अक्का खिडकीशी बसली आणि धुळं येईपर्यंत तिने बाहेरची मान आत घेतली नाही.

स्टँडवर उतरल्यापासून मला सगळं एकदम दाखवायची घाई झाली होती. हा आग्रा रोड, ही माझी कचेरी, इथे कुल्फी, तो पाच कंदील चौक. रिक्षा केली. अक्का आधी आत वाकून पाहत राहिली, मग चढली. कोपऱ्यावर तिला बांगड्यांचं दुकान दिसलं. मी रिक्षावाल्याला थांबवलं आणि तो थांबला. अक्काने माझा दंड घट्ट धरला. "आपीन म्हनूत तठे थांबस हाई?" तिने विचारलं. गावाकडे एसटीची वाट पाहण्यात तिचा निम्मा जन्म गेला होता. बांगड्या घेऊन परत आलो तर तोच रिक्षावाला तिथेच उभा. पांढऱ्या दाढीचा, जाळीची टोपी घातलेला चाचा होता. "आरामसे लो बहन, रिक्षा कहीं नहीं जाती," म्हणाला. अक्का तोंडाला पदर लावून हसत सुटली.

दहा-साडेदहाला भूक लागायची माझी सवय. कढईतून कचोऱ्या निघत होत्या. मी दोन सांगितल्या आणि मग आठवलं. अक्का म्हणाली, "तू खाय. मी दखस." दखस म्हणजे बघते. ती खरंच बघत उभी राहिली. कचोरी कशी फोडतात, चटणी कुठून ओततात, मी आधी कोणती बाजू खाते. दुसरी कचोरी मी तशीच ठेवून दिली. अशी मजा मला नको होती. मी चिडले, आणि कुणावर चिडावं ते कळेना म्हणून अक्कावरच चिडले. म्हटलं, "तुझं हे बघत राहणं बंद कर आधी."

"तू आते पुस्तकमायलं बोलस," ती म्हणाली, "आनि भांडस मातर घरनंच."

बाराचा खेळ होता. बायकांची तिकिटाची खिडकी वेगळी, तिथे ढकलाढकली करून मी बाल्कनीची दोन तिकिटं काढली. सिनेमा कसा होता हे मला आज फारसं आठवत नाही. मला आठवते ती अक्का. गाणं लागलं की ती खुर्चीच्या कडेवर यायची. नायिकेची आई मेली तेव्हा ती इतकी रडली की मागच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली. आणि तेवढ्यात पंख्याचा वारा आपल्याकडे येत नाही म्हणून मला जागा बदलायला लावली. तिला त्या तीन तासांतला एक क्षणही वाया घालवायचा नव्हता. मी तिच्याकडे पाहत होते आणि मला वाटत होतं, हिला परत त्या फाट्यावर नेऊन सोडायचं म्हणजे काय.

मध्यंतरात दिवे लागले. खालून तळणाचा वास आला. अक्काने आवंढा गिळला, तो मला दिसला. सकाळी साडेसहाला दोन रोट खाल्ले होते तिने, त्यावर दोन कप चहा.

"अक्का," मी म्हणाले, "पीठ संपलं असेल गं आता."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"सात-आठ माणसं घरात. गडी शेतावरून दुपारी येतात ते काय उपाशी बसतील? तुझ्या सासूने दुपारीच केले असतील उरलेले. संपले रोट. सुटलीस तू."

मी हे इतक्या सहज बोलले की क्षणभर माझाच विश्वास बसला. चार बोटं पीठ मी डोळ्यांनी पाहिलं होतं. "तू आल्यावरच सगळे बसू" हे मी कानांनी ऐकलं होतं. अक्काने विचारलं, "खरंच?" आणि मी म्हणाले, "खरंच."

मग ती खाली आली माझ्याबरोबर. तीन कचोऱ्या खाल्ल्या तिने. तिसरी खाताना डोळ्यांतून पाणी येत होतं, नाक पुसत होती आणि म्हणत होती, "तिखट नही शे वं, तितली तिखट नही शे." सिनेमा सुटल्यावर मी तिला माझ्या खानावळीत नेलं. तिथे बायका फार यायच्या नाहीत, पण मालक मला ओळखायचा आणि कोपऱ्यातलं टेबल द्यायचा. शेवभाजी आली, वर लाल तर्रीचा थर, बाजूला कांदा, लिंबू आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी. अक्काने भाकरी चुरली, तर्री ओतली आणि मान खाली घालून खायला लागली. दुसरी वाटी तिने स्वतः मागितली, मोठ्या आवाजात, पोऱ्याला हाक मारून. माझी भाबडी, घाबरट अक्का! मला इतका आनंद झाला की मी टेबलाखाली पाय नाचवत होते. कुल्फी खाल्ली. मग म्हणाली, "आते रिक्षामा बठाडं. कठे जानं नही. नुसतं फिरनं."

नुसतं फिरायला मी कुणाला रिक्षात बसवलं नव्हतं, माझ्याशिवाय. आम्ही पांझरेच्या पुलावर गेलो, पलीकडून वळलो, परत पुलावर आलो. अक्काने पदर सोडून दिला होता आणि वाऱ्याने तो माझ्या तोंडावर येत होता. पुलावर ती म्हणाली, पुढच्या महिन्यात आपण जळगावला जाऊ, तिथून ती भुसावळची गाडी. तुझ्या पत्रात होती ती. मी हो म्हणाले. त्या घटकेला मला जगात कुणाचंही भय वाटत नव्हतं.

साडेचारच्या गाडीत जागा मिळाली. नरडाण्यापर्यंत अक्का बोलत होती. मी तिच्या कानाशी लागून म्हटलं, घरी काही सांगायचं नाही हं. पीठ राहिलं असलंच तर गुपचूप दोन घास खा आणि मोकळी हो. कानबाई काही तुझ्या पोटात डोकावून बघणार नाही. तिने मान हलवली की नाही, मला कळलं नाही. ती हातातल्या नव्या बांगड्या मनगटावर मागे-पुढे करत होती.

दिवे लागायच्या आत पोचलो. सासू दारातच होती. तिने आधी आभाळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. आत तवा तापत होता. परातीत मळलेल्या पिठाचा गोळा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला होता. गडी माणसं हातपाय धुऊन बसली होती, दोन्ही मुली पेंगुळल्या होत्या. कुणीही जेवलं नव्हतं. माझ्यासाठी दुसऱ्या चुलीवर भात आणि पिठलं केलेलं होतं, कारण त्यांचा रोट मला चालत नव्हता. ते तिने न विसरता, आधीच करून ठेवलं होतं.

पंगत बसली. सासूने एकेक रोट ताटात टाकला. अक्काच्या ताटात दोन टाकले, "दिनभरनी भुकी शे ती," म्हणाली. सगळे खायला लागले. मी भातात पिठलं कालवलं. अक्का ताटाकडे बघत बसली होती. मी तिच्या मांडीला गुडघा लावला. एक घास घे बये, एक घास.

"आत्या," अक्का म्हणाली, "मी बाहेर खादं."

दाजींचा हात थांबला. सासरे वर न बघता चावत राहिले.

"काय खादं?" सासूने विचारलं.

"कचोरी. शेवभाजी. पोट भरीसन खादं."

झालं. आता मोठा गोंधळ होणार, ओरडणार, रडणार, माझा उद्धार होणार. मी तयारच होते. खरं सांगायचं तर मी त्याची वाट पाहत होते. तिने एक शब्द वाकडा बोलावा आणि मी तेरा वर्षांचं सगळं बाहेर काढावं. पण सासू तव्यापासून उठली, अक्काच्या ताटातले दोन्ही रोट तिने स्वतःच्या ताटात घेतले आणि भिंतीला टेकून बसली.

"उरनं नही पाहिजे," ती म्हणाली. "मी खासू."

तिचा स्वतःचा एक होता, त्यात हे दोन. दाढा पडलेल्या. एकेक तुकडा दुधात भिजवून ती खात राहिली. सगळे उठले, मुली झोपल्या, तरी ती खातच होती. मध्ये एकदा तिला ठसका लागला तेव्हा अक्काने पाणी दिलं. शेवटचा तुकडा राहिला तेव्हा ती अक्काला म्हणाली, "सांगं ना तू, मंग व्हयनं. आते पुढला महिनाले पौर्णिमा दखीसन जाजो."

म्हणजे सांगितलंस ते पुरे, जा म्हणाली. दर महिन्याचा दिवस तिने दिला होता. मला तेव्हा बोलायला हवं होतं. मावशी, तिची चूक नाही, मी फसवलं तिला, असं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. सासू माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "भात ले आजून. तू काहीच खादं नही." आणि मी ताट पुढे केलं.

सकाळी अक्का मला फाट्यापर्यंत सोडायला आली. मी आधीच बोलायला सुरुवात केली. पुढच्या महिन्यात कुठल्या रविवारी, जळगावला कोणत्या गाडीने, भुसावळहून परत कसं. ती ऐकत होती.

"मी नही येवाव," ती म्हणाली.

"अगं, पण ती हो म्हणाली! तुझ्यासमोर म्हणाली!"

"ती म्हननी. मी नही येवाव."

मी चिडले. देवीला घाबरतेस का, म्हणाले. शिकलेली ना तू चौथीपर्यंत, म्हणाले. कचोरीने कुणाचं वाईट होत नाही, म्हणाले. तिने मला सगळं बोलू दिलं. मग म्हणाली, "पीठ सरनं नव्हतं हाई माले ठावकं व्हतं. डबाले झाकन मीच लायेल व्हतं. तू खोटं बोलनी तवय माले इतलं बरं वाटनं! तुनासंगे तठे माले आसंच खोटं लागी, दरवख्ती. आनि मंग एक दिन मी घर येवाले नही म्हनसू. मन्या दोन पोरी आठेच."

ती रडत नव्हती. बांगड्या तिने काढून ठेवल्या होत्या की काय ते मी पाहिलं नाही. त्यानंतर ती खरोखरच आली नाही, आणि पत्रातली ती एक ओळही तिने पुन्हा कधी लिहिली नाही. पण ते सगळं नंतरचं. त्या घटकेला, फाट्यावर, ती माझ्यासमोर उभी होती आणि मी काहीतरी म्हणावं म्हणून थांबली होती.

मी म्हणाले, "गाडी आली," आणि जागा धरायला धावले.